अल्लीपूरहून येणारी हाक

आमच्या घरचं इडलीपात्र फेब्रुवारीपासून स्वयंपाकघरात नाही. चार थाळ्या, सोळा खळगे. पहिल्या खळग्यात शंभर ओहमचे रेझिस्टर, दुसऱ्यात हजारचे, तिसऱ्यात दहा हजारचे, आणि शेवटच्या थाळीत जे काय आहेत ते मला ओळखू आले नाहीत असे सगळे. बायको असती तर तिने मला पात्रासकट घराबाहेर काढलं असतं. ती जाऊन चार वर्षं झाली. मला इडल्या करता येत नाहीत, तेव्हा पात्राचा हा उपयोग मनावर घेऊ नकोस, असं मी तिच्या फोटोला सांगून टाकलं आणि कामाला लागलो.

काम म्हणजे एक छोटा रेडिओ सेट जोडायचा होता. विकतचा तयार सेट नव्हे. कुरिअरने एक पुडकं आलं होतं, त्यात सर्किटची हिरवी पाटी, सव्वाशे बारीकसारीक तुकडे, तांब्याची तार आणि तुम्हीच जोडून घ्या असा कागद. जोडून झाला की पानाच्या डब्याएवढा होतो, आणि त्यावरून मोर्समध्ये ऐकताही येतं, बोलताही येतं. मोर्स म्हणजे आपली तारेची कडकट्ट. ती मला पोटापाण्याची विद्या म्हणून चांगलीच येते, कारण वर्ध्याच्या तारघरात मी चौतीस वर्षं तीच केली. तार बंद पडली, मी त्याआधीच रिटायर झालो होतो, पण बोटांना कोणी रिटायर केलं नाही. म्हणून हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढला होता.

आता अडचण डोळ्यांची. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डाव्याच्या पडद्यावर मधोमध डाग आहे, आणि उजवाही त्याच वाटेने निघालाय असं डॉक्टर म्हणतात. याचा अर्थ असा, की ज्या गोष्टीकडे मी बघतो तीच नेमकी दिसत नाही. तिच्या आजूबाजूचं सगळं दिसतं. टेबलावर कप आहे म्हणून बघायला जावं तर कप गायब, बशीची कड तेवढी हजर. त्यामुळे हल्ली मी कशाकडेही थेट बघत नाही, जरा बाजूला बघतो. भाजीवालीला वाटतं मी तिच्या शेजारणीच्या वांग्यांवर डोळा ठेवून आहे.

अशा डोळ्यांनी तांदळाएवढ्या तुकड्यावरचे रंगीत पट्टे ओळखायचे. तपकिरी, लाल आणि नारिंगी हे तिन्ही मला एकच. म्हणून मोठ्या आकड्यांचं मीटर आणलं, प्रत्येक तुकडा त्यावर मोजला आणि इडलीपात्रात टाकला. यातच नऊ दिवस गेले.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर एका माणसासाठी.

तो आणि मी तारघरात शेजारच्या टेबलांवर बसायचो. तो मूळचा अल्लीपूरचा, घरची शेती, पण नोकरीभर वर्ध्यात खोली करून राहिला आणि रिटायर झाल्यावर गावी परतला. परवान्याची परीक्षा आम्ही एकत्रच दिली होती. मी इथे नालवाडीत, तो तिकडे अल्लीपुरात, आणि रोज सकाळी सात वाजता आमची हवेतून भेट. रोमन अक्षरांत वऱ्हाडी. पाऊस किती झाला, तुरीला शेंगा धरल्या का, सून काय म्हणते, असलंच. यात कधी खंड पडला नाही. बायको गेली त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही सात वाजता तो आला, म्हणाला बोलू नकोस, मीच बोलतो, आणि वीस मिनिटं कपाशीवर बोलत राहिला. त्या वीस मिनिटांचं ऋण मी कुठे फेडणार आहे?

मागच्या वर्षी मात्र आमचं बिनसलं. तो घरी आला होता. मी माझ्या जुन्या सेटचा एक जोड डागत होतो, आणि सोल्डरिंगचं तापलेलं टोक पाटीऐवजी टेबलक्लॉथवर टेकलं. भोक पडलं, धूर झाला. त्याने माझ्या हातातून वस्तू काढून घेतली.

"बस कर आता," तो म्हणाला. "तुले दिसत नाई. एखाद दिवशी घर जाळशीन."

मी म्हटलं, माझं घर, माझा टेबलक्लॉथ. त्याने 'काय म्हणतं?' म्हणून विचारलं. मी पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा विचारलं. मला वाटलं हा मुद्दाम मला डिवचून राहिलाय. मी तिसऱ्यांदा ओरडून जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यात त्याच्या बापाचा उल्लेख होता. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रागाच्या भरात मी माझा पाठवायचा सेट ओळखीच्या एका कॉलेजच्या मास्तरांना देऊन टाकला. ना रहेगा बांस, असं म्हणून हात झटकले. ऐकायचा जुना रिसीव्हर तेवढा राहिला, तोही जड होता म्हणून.

काही महिने मी तो लावला नाही. मग एका सकाळी घर फारच शांत वाटलं म्हणून लावला. सातच्या ठोक्याला तो आला. प्रत्येक तारवाल्याचा हात वेगळा असतो, आणि याचा तर हजारात ओळखू यावा असा. शेवटची रेघ जरा ओढून सोडतो. त्याने माझी खूण, म्हणजे परवान्यावरचं माझं हवेतलं नाव, तीनदा पुकारली, मग थांबला. दोनेक मिनिटं थांबला. मग सलाम ठोकून बंद झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. रोज मला बोलावत होता, आणि माझ्याकडे उत्तर द्यायला काही नव्हतं.

फोन का नाही केला, असं कोणीही विचारेल. मुलीने बंगलोरहून विचारलंच. फोन केला असता तर आधी माफी मागावी लागली असती, आणि ती मागायला माझी जीभ रेटेना. हवेत तसं नसतं. हाक आली, ओ दिली, संपलं. शिवाय मला माझ्या हाताने जोडलेल्या सेटवरून ओ द्यायची होती. दिसत नाई म्हणतो काय!

तर फेब्रुवारीत सुरुवात केली. सकाळी नऊ ते अकरा व्हरांड्यातल्या टेबलावर ऊन नीट पडतं, तेवढाच माझा कामाचा वेळ. डोक्याला पट्ट्याचं भिंग बांधायचं, ज्या भोकात तार घालायची त्याच्या अर्धा इंच डावीकडे बघायचं आणि हात मात्र उजवीकडे न्यायचा. डागणं मी कानाने शिकलो. शिसं वितळताना आतली राळ चुर्र करते. ती थांबली की एक श्वास थांबून टोक उचलायचं. जोड चांगला झाला की नाही ते नखाने बघायचं. गुळगुळीत लागला तर ठीक, खरखरीत लागला तर पुन्हा.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो तारेच्या कड्याने. करंगळीतही जाणार नाही असं एक पिवळं कडं, त्यावर केसाइतक्या तारेचे सोळा फेरे. पंधरा झाले तर सेट रेडिओच्या पट्टीवर एका जागी बोलणार, सतरा झाले तर दुसऱ्या. नखाने एकेक फेरा मोजत गेलो. एकदा चौदा आले, एकदा अठरा, तिसऱ्यांदा मोजताना दारावर दूधवाला आला आणि आकडा सुटला. पाच वेळा उकललं, पाच वेळा गुंडाळलं. एक कपॅसिटर खाली पडला तो दोन दिवस सापडला नाही. सगळा व्हरांडा झाडला, केर कागदावर पसरून बोटांनी चाचपला. शेवटी तो माझ्याच चपलेत निघाला.

या दिवसांत मी कोणाशी बोलायचो? दूधवाल्याशी दोन वाक्यं. मुलीशी रविवारी. बाकी सगळा दिवस त्या तुकड्यांशी. चल बाबा, बस इथे, असं म्हणायचो. दुपारी ऊन चढलं की सामान झाकून आत येऊन पडायचो आणि घरात कूलर सोडून कशाचा आवाज नसायचा. खरं सांगायचं तर कामाची घाई होती आणि काम संपण्याची भीतीही होती.

आणि रोज सात वाजता तो हाक मारत होता. मी हेडफोन लावून ऐकायचो. येतो रे, असं तोंडाने म्हणायचो. थांब जरा.

एप्रिलच्या शेवटी सेट तयार झाला. पाठवायच्या टोकाला छोटा बल्ब लावून बटण दाबलं, बल्ब पेटला. शेजारी ठेवलेल्या जुन्या रिसीव्हरवर माझा आवाज खणखणीत आला. शेवग्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत एरियलची तार ताणलेली होतीच. दुसऱ्या दिवशी साडेसहालाच आंघोळ करून बसलो. सात वाजले. त्याने माझी खूण तीनदा पुकारली, थांबला. मी उत्तर दिलं. घाईत दोन अक्षरं चुकली. पुन्हा दिलं. मी आलोय, असं तीनदा दिलं.

तो सलाम ठोकून बंद झाला.

आमच्या जातीच्या लोकांचा एक स्वभाव असतो. उत्तर आलं नाही की आधी आपल्याच सेटवर संशय. तारघरात आम्हाला हेच शिकवलं होतं: समोरच्याला दोष देण्याआधी आपली लाइन तपास. त्यातून माझे हे डोळे. मी स्वतःलाच म्हटलं, दिसत नाई ना तुले, कुठेतरी शेण खाल्लंस. आणि चांगला बोलणारा सेट मी उघडला.

ते कडं काढलं, फेरे मोजले. सोळाच होते. तरी दुसरं गुंडाळलं. सत्तावीस जोड पुन्हा डागले. एका ठिकाणी पाटीवरचा तांब्याचा पापुद्रा निघून आला, तिथे तारेचा तुकडा टाकून पूल बांधला. रोज सकाळी सात वाजता उत्तर द्यायचो, रोज तो न ऐकता जायचा, रोज नऊ वाजता मी सेट उघडून बसायचो. गच्चीवर चढून तार बदलली, तेव्हा शेजारीण खालून ओरडली, "काकाजी, पडसान ना!" मे महिना लागला. नालवाडीत सकाळी आठला चटके बसायला लागले, डोळ्यांत घाम जायचा. तीन आठवडे असे गेले. मी रडकुंडीला आलो होतो. एकदा तर रडलोही, भिंग डोक्याला बांधलेलंच होतं.

मग एका सकाळी तो बंद झाल्यावर मी चिडून रिकाम्या हवेत माझी खूण फेकत बसलो होतो, तर कोणीतरी ओ दिली. जबलपूरचा कोणी अनोळखी माणूस होता. म्हणाला, तुमचा सिग्नल इथे छान येतो, आणि गेले वीस दिवस रोज सकाळी येतो. तुम्ही कोणाला बोलावता?

सेट चांगला होता. पहिल्या दिवसापासून चांगला होता. जबलपूरला ऐकू जातं ते अल्लीपूरला जाणार नाही? इतकी वर्षं जात होतंच. म्हणजे त्याला सगळं ऐकू येत होतं. तो मला रोज बोलावत होता आणि मी ओ दिली की गप्प बसत होता. मला जो राग आला तो टेबलक्लॉथच्या दिवशीपेक्षा मोठा होता. एवढा सूड? बापाचं नाव काढलं म्हणून?

त्याच सकाळी वायगाववरून जाणारी एसटी पकडली. भांडायलाच निघालो होतो, तरी स्टँडवर गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेतला, कारण रिकाम्या हाताने जायची सवय नाही. पाटी वाचता येत नाही म्हणून कंडक्टरला दोनदा सांगून ठेवलं होतं. गाडीभर मी वाक्यं जुळवत होतो.

दार त्याच्या सुनेने उघडलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "या ना काकाजी. पण मोठ्यानं बोलजा. मामाजीले आता ऐकूच येत नाई."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"एक कान आधीच गेलता. दुसराबी दिवाळीपासून गेला. मशीन लावून पाह्यली, नुसता गलका होते म्हणते. फेकून देली त्यायनं."

गाडीत जुळवलेलं एकही वाक्य शिल्लक राहिलं नाही. त्या दिवशीचं त्याचं 'काय म्हणतं, काय म्हणतं' मला आठवलं. तो डिवचत नव्हता.

तो आतल्या खोलीत टेबलाशी बसला होता. समोर त्याचा जुना, स्वतः बांधलेला सेट. मला बघून उठला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आला काय रे!" त्याला वाटत होतं तो हळू बोलतोय. सुनेने मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं आणि एक मार्कर आणून दिला. लिहायचं मी, कारण मी बोलून उपयोग नाही. आणि मला दिसावं म्हणून अक्षरं वीतभर. एका पानावर तीन शब्द मावायचे. 'रोज काऊन बोलावतं' एवढ्याला एक जानेवारी महिना खर्ची पडला.

त्याने वाचलं. "मले काय मालूम तू हाय का नाई," तो ओरडला. "पण अशीन, तर ऐकत अशीन. म्हणून."

मी लिहिलं, 'मी उत्तर देतो. तीन आठवडे.'

त्याने ते पान दोनदा वाचलं. मी त्याच्या कानाकडे बघत होतो, कारण कानाकडे बघितलं तरच मला त्याचं तोंड दिसतं. त्याचा ओठ हलत होता.

"तिकडे काऊन पाह्यतं?" तो म्हणाला. "माया तोंडाकडे पाह्य."

आता हे वीतभर अक्षरांत कसं समजावणार? मी तसाच कानाकडे बघत राहिलो.

मग मी एक दिव्याचा उपाय लिहिला. त्याच्या सेटला छोटा दिवा जोडून देतो, मी बटण दाबलं की इकडे लुकलुकेल, डोळ्यांनी वाच. माझ्या डोळ्यांनी मी जोडून देईन, कितीही दिवस लागोत. तो हसला. म्हणाला, सुनेकडून टॉर्च लुकलुकवून पाहिला होता. "कानानं शिकलो ना बे. डोळ्यानं नाई समजत. नुसता दिवा दिसते." हे मला पटलं, कारण मलाही ते जमलं नसतं.

जेवण झालं. सुनेने झुणका केला होता. एसटीची वेळ झाली तेव्हा मला माफीचं एक पान लिहायचं होतं, पण सून शेजारी उभी होती आणि बापाचा उल्लेख वीतभर अक्षरांत कसा करायचा ते कळेना. तो फाटकापर्यंत आला. "येजो," एवढंच म्हणाला.

परतीच्या गाडीत मला फार एकटं वाटलं. जाताना निदान राग सोबत होता. माझा सेट उत्तम बोलत होता आणि ज्याच्यासाठी बोलायचा त्याच्यापर्यंत ते कधीही पोहोचणार नव्हतं. इथे दोष काढायला एकही जोड उरला नव्हता. घरी आल्यावर मी दिवाही न लावता तसाच पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सात वाजता सवयीने हेडफोन लावले. तो आला. माझी खूण तीनदा पुकारली आणि थांबला. मी बटणावर बोट ठेवलं. त्याला ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मग मी बोललो. पानावर लिहिता आलं नाही ते सगळं, बापाबद्दलचंही. तुझं बरोबर होतं, मला दिसत नाही, असंही. तू गेल्यावर मी काय करणार रे, असंही. अक्षरं चुकली, दुरुस्त केली नाहीत. रोज दोन मिनिटं थांबणारा तो त्या दिवशी थांबूनच राहिला. पाच मिनिटं, सात मिनिटं. माझं संपलं, त्यानंतरही काही वेळ हवा रिकामी होती.

तारघरात निरोप पूर्ण मिळाला की घेणारा एक अक्षर पाठवतो, आर. मिळालं, सगळं. एक शब्द जरी निसटला असेल तर तो द्यायचा नाही, पुन्हा मागायचा. घाईच्या दिवसांत आम्ही बाकीचे सर्रास अंदाजाने देऊन मोकळे व्हायचो. तो कधी नाही. साहेब टेबलाशी उभे राहून ओरडले तरी नाही. चौतीस वर्षांत न ऐकता त्याने एकदाही आर दिलेला मी पाहिला नाही.

त्या सकाळी त्याने दिला.